'काल' चालत नाही

दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर माझा वर्ग.
संध्याकाळी साडेसात. पाच बाकं, एक फळा,
आणि शिफ्ट सुटून थेट आलेली माणसं.

भावकाण्णा मुतगेकर नेहमी उशिरा.
उद्यमबागेत फौंड्रीत ओतकाम करतो,
कानामागं काळी वाळू तशीच.
"मी यायच्या आत गेट पडलंतं की ओ मॅडम."
झालं, म्हटलं, आजचा धडा तूच दिलास.
पडलंतं.
आपल्याकडचा माणूस 'होतं' गिळून टाकतो,
शेवटचा 'तं' तेवढा ओठाला चिकटून राहतो.
तोच हा 'हॅड'. आधी गेट, मग तू.

'हॅव'ला मात्र महिना गेला.
मेहरून सनदी वहीत तोंड घालून हसायची:
"हॅव म्हणजे जवळ असणं ना?
मग जेवून झाल्यावर जेवण जवळ कसं असंल?"
असतं, मी म्हणाले.
रात्रपाळीला डॉक्टर तुला विचारतात,
पेशंटनं खाल्लंय का, लघवी झालीय का.
किती वाजता, ते नंतर.
आत्ता त्याच्या पोटात काय आहे, तेवढं हवं असतं.
मागच्या बाकावरून ईरप्पा हुदली, कंडक्टर,
आपल्या ठरलेल्या सुरात म्हणाला,
"टिकेट तगोंडीरेन?"
बरोबर. कुठल्या स्टॉपला काढलं, त्याचं तुला काय?
खिशात आहे ना?

म्हणून नियम: याच्याबरोबर 'काल' चालत नाही.
'गेल्या वर्षी' चालत नाही.
तारीख घातली की गोष्ट हातातून सुटते.

खिडकीसमोर भांड्यांचं दुकान.
पाटी नव्यानं कन्नडमध्ये रंगवलेली,
पण रात्री ट्यूब लागली, उजेड तिरका पडला
की पिवळ्याखालून जुनी मराठी अक्षरं वर यायची.
फळा सोडून मी तिकडं बोट दाखवलं.
कुणी काही बोललं नाही.
ईरप्पानं सुद्धा मान हलवली.

मग गृहपाठ. 'नेव्हर' घालून पाच वाक्यं.
भावकाण्णाची अक्षरं साच्यातून काढल्यासारखी:
आय हॅव नेव्हर ड्रिव्हन अ कार.
आय हॅव नेव्हर सेड नो टु माय बॉस.
आणि चौथं,
माय मदर हॅज नेव्हर सीन द सी.
"का रे? गोवा तर इथं, घाट उतरला की."
"न्यायचं हाय की. दिवाळीच्या सुट्टीत."
मी बरोबरची खूण केली.

दिवाळीच्या आधी दोन आठवडे तो आला नाही.
आला तो वेळेवर. डोक्याला टोपी, खाली केस नाहीत.
मी काही विचारायच्या आत वही पुढं.
जुनंच पान. चौथ्या वाक्यातला 'हॅज' खोडलेला,
'सीन' खोडून वर बारीक 'सॉ'.
माय मदर नेव्हर सॉ द सी.
"आता असं ना, मॅडम?"

असंच.
मीच शिकवलं होतं, गणपतीनंतरच्या आठवड्यात,
शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात:
माणूस गेला की त्याच्या वाक्यातला 'हॅज' काढायचा.
परीक्षेत याला एक गुण असतो.

आपल्यात तसं काही काढावं लागत नाही.
आईनं समुद्र बघितला नाही.
ती चुलीपुढं बसलेली असो नाहीतर नसो,
वाक्य आहे तिथंच बसून राहतं.
हे मी त्याला सांगितलं नाही.
लाल पेन धरलेलं होतं, खूण केली,
जरा वाकडी आली.

गेटाची घंटा वाजायला लागली.
गाडी जाईपर्यंत या खोलीत कुणाचं काही ऐकू येत नाही,
म्हणून सगळे गप्प बसतात, सवयीनं.
डबे संपता संपेनात. मालगाडी असावी.

मग ईरप्पानं आपला डबा उघडून त्याच्याकडं सरकवला.
"ऊट आतेन?"
"आत," भावकाण्णा म्हणाला,
आणि भाकरीचा तुकडा मोडला.